शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू: ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहायचं?

खाडीकाठ_पालक

दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीतर्फे विचारते आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेजवळच्या तंबाखूविक्रीचा विषय घ्यायचा आहे. याआधीचा ठराव "गाव तंबाखूमुक्त करण्यात येत आहे" एवढ्या एका ओळीचा होता. तो इतिवृत्ताच्या वहीतच राहिला. या वेळी अंमलात येईल असा ठराव हवा.

शाळा पहिली ते सातवी. पुढे चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, मागे कुंपण नाही, सरळ काजूची जागा सुरू होते. विक्रीच्या जागा तीन. एक टपरी फाटकासमोर रस्त्याच्या कडेला. दुसरं किराणा दुकान, एसटी थांब्याजवळ ग्रामपंचायतीच्याच गाळ्यात. तिसरी टपरी खालच्या वाडीत पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) तोंडाशी. तिथे पायऱ्या उतरून जायला पाच मिनिटं लागतात, पण शाळेच्या अंगणातून तिची कौलं खाली दिसतात. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे, मग ती त्यात धरायची की नाही?

फाटकासमोरच्या टपरीत पुड्यांच्या माळा लिमलेटच्या बरणीवरच लोंबतात, मुलांच्या डोळ्यांसमोर. आणखी एक अडचण आहे. मुलं बरेचदा स्वतःसाठी नाही, घरच्यांसाठी घ्यायला येतात. आजीच्या मशेरीची तंबाखू, आजोबांची विडी. दुकानदार म्हणतात, "पोराला थोडीच देतोय, म्हातारीला देतोय." यावर काय सांगायचं?

चिरेबंदी

आधी मोजणी. तिथे चूक झाली की पुढचं सगळं ढासळतं.

१०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. नियमात हे अंतर त्रिज्येने, म्हणजे सरळ रेषेत, मोजायचं आहे, आणि तेही शाळेच्या हद्दीच्या बाहेरच्या कडेपासून. फाटकापासून किंवा वर्गखोलीच्या दारापासून नाही. चालायला किती लागतं याला काही अर्थ नाही. कोकणात याच मुद्द्यावर सर्वांत जास्त वाद होतो, कारण उतारावर पाखाडी वळणं घेत जाते. दोनशे मीटर चालावं लागलं तरी सरळ रेषेत अंतर साठ मीटर असू शकतं. तुमची तिसरी टपरी बहुधा आतच निघेल.

मागे कुंपण नाही म्हणून शाळेची हद्द इमारतीशी संपत नाही. शाळेच्या जागेचा सातबारा आणि मोजणी नकाशा काढा, हद्दीचे कोपरे जागेवर ठरवा आणि प्रत्येक कोपऱ्यातून मोजा. मोबाइलच्या उपग्रह नकाशात अंतर मोजायची सोय असते. पहिला अंदाज तिच्यावर घ्यायला हरकत नाही, पण त्यात काही मीटरांची चूक होऊ शकते. टपरी साधारण ८५ ते ९७ मीटरच्या पट्ट्यात येत असेल तर टेपच लावा. उतारावर टेप जमिनीला लावून ओढला की अंतर जास्त भरतं आणि दुकानदाराला सूट मिळते. पाच-पाच मीटरचे तुकडे करा, टेप आडवा ताणून धरा, ओळंबा सोडून खालचा बिंदू घ्या, मग पुढचा तुकडा. मोजताना मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलिस पाटील आणि शक्यतो दुकानदारही हजर असावा. जागेवरच सह्या घ्या. दुकानदाराची सही असेल तर नंतरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता खुणा. १०० यार्डांची हद्द दाखवणारी पिवळी रेघ आणि फलक पावसात करू नका. ओल्या चिऱ्यावर ऑइलपेंट धरत नाही. चिरा सच्छिद्र असतो, आतली ओल रंगाला फुगवते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर वर शेवाळ, खाली पोपडे. गडग्यावर लिहायचंच असेल तर फलकाएवढा सिमेंटचा गिलावा करा, तो पुरता वाळू द्या, मग प्रायमर आणि रंग. पत्र्याचा फलक खाऱ्या वाऱ्याने कडांपासून गंजतो. एसीपी शीट (ॲल्युमिनियमचा थर असलेला फलक) आणि स्टेनलेस स्क्रू थोडे महाग पडतात, पण टिकतात. डांबरी रस्त्यावरची रेघ दिवाळीनंतर, कोरड्या रस्त्यावर, रोड मार्किंग पेंटने मारा. रस्ता जिल्हा परिषदेचा असो वा बांधकाम विभागाचा, आधी पत्र द्या. पाखाडीवर पायऱ्यांना रंग लावू नका, झिजून जातो आणि पावसात निसरडंही होतं. बाजूच्या गडग्यावर खूण करा. तोवर फ्लेक्स चालेल.

शाळेच्या फलकावर दोन गोष्टी हव्यात: १०० यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे, आणि हा दोनशे रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं पद आणि संपर्क क्रमांकही लिहा. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत तेही धरलेलं आहे.

कलमवार

वरच्या मोजणीला कायद्याची जोड.

कोटपा कायदा २००३ (सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांबाबतचा केंद्राचा कायदा), कलम ६. (अ) अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकायची नाही. (ब) शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत कोणालाच विकायची नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ठरावात वेगळ्याच लिहा. टपरी ९५ मीटरवर सरकली तरी (अ) तिला लागूच राहतं.

"म्हातारीला देतोय" याचं उत्तर (अ) मध्येच आहे. कायदा पाहतो तो विकत घेणाऱ्याचं वय, पुढे तंबाखू कोण खाणार ते नाही. विकत घेणारा अल्पवयीन नव्हता हे दाखवण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावर आहे. दुकानात ६० बाय ३० सेंटीमीटरचा, मराठीतला, चित्रासहचा इशाराफलक हवा. माल मुलांच्या हाताला सहज लागेल असा मांडायचा नाही, म्हणजे लिमलेटवर लोंबणाऱ्या त्या माळा आजच उतरल्या पाहिजेत. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने तंबाखू हाताळायची किंवा विकायची नाही. संध्याकाळी गल्ल्यावर बसणारा दुकानदाराचा स्वतःचा मुलगाही यात आला. हे बहुतेक दुकानदारांना ठाऊक नसतं. समजावून सांगितलं तर ऐकतात, कारण मुलगा त्यांचाच असतो.

सुटी सिगारेट आणि विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून मनाई आहे. मुलांच्या दृष्टीने हा फार मोलाचा आदेश आहे. खाऊच्या पैशांत अख्खं पाकीट येत नाही, एक सिगारेट येते. शिवाय सुट्या सिगारेटीबरोबर पाकिटावरचा इशारा जात नाही. गुटखा आणि सुगंधी तंबाखूवर २०१२-१३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखाली बंदी आहे आणि तिचा आदेश वर्षावर्षाने निघतो. त्याची तक्रार पोलिसांबरोबर अन्न व औषध प्रशासनाकडे, १८००-२२२-३६५ वर. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने पूर्ण बंद आहे, विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता कमकुवत बाजू. कलम ६ चा दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे. दुकानदार तो भरतो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. म्हणून बरेच जण बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ कडे वळतात. मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम कडक आहे, पण २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षं शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र झाले. पोलिस ठाण्यात नोंद होते, तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. फलकावर "सात वर्षं कैद" छापायचं आणि प्रत्यक्षात काही करता येत नाही असं झालं की दुकानदाराला फलकाची भीती उरत नाही. हे कलम वारंवार आणि जाणूनबुजून विकणाऱ्यासाठी ठेवा, आणि वेळ आली तर वकिलाकडून रीतसर अर्ज करून वापरा.

कलम ६ खाली कारवाईचे अधिकार शाळेच्या प्रमुखांनाही आहेत. तरी लहान गावात मुख्याध्यापकांना एकटं पुढे करू नका. बदली होईपर्यंत त्यांना त्याच थांब्यावर उभं राहायचं असतं. बीट अंमलदारामार्फत (तुमच्या भागासाठी नेमलेल्या पोलिसामार्फत) पोलिस उपनिरीक्षकांसह संयुक्त भेट ठरवा.

एक कळकळीची विनंती. पुरावा म्हणून कोणत्याही मुलाला पैसे देऊन टपरीवर पाठवू नका, आणि मुलाचा चेहरा दिसेल असा फोटो गटावर टाकू नका. मुलाच्या दप्तरात पुडी सापडली तर त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. या कायद्यांत गुन्हेगार विकणारा आहे.

उपकेंद्र

मशेरीबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे खरा प्रश्न घरात आहे आणि फलक तिथवर पोचत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि तंबाखू खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. म्हणजे शाळेत नुसती "धूम्रपान निषेध" पाटी लावून महाराष्ट्रातल्या तंबाखूचा फार थोडा भाग झाकला जातो. २०१९ च्या शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणात (वय १३ ते १५) देशभरात ८.५ टक्के मुलं कोणती ना कोणती तंबाखू वापरत होती. धूरविरहित तंबाखू लागलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच पहिल्यांदा घेतली होती. पहिली ते सातवीची शाळा नेमकी याच वयाची आहे.

मशेरी ही तंबाखूच. पान तव्यावर काळं होईतो भाजायचं, कुटायचं, बोटाने हिरड्यांना लावायचं. भाजल्याने निकोटिन जात नाही. कोटपाच्या अनुसूचीत तंबाखूयुक्त दंतमंजन स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. "ती औषधी आहे", "त्याने पोट साफ होतं" हे घरोघरी ऐकू येतं. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून तसं वाटतं खरं. सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड होते आणि मग "बघ, सोडली तर त्रास झाला" म्हणून पुन्हा सुरू. हे आधीच सांगून ठेवा: त्रास तात्पुरता आहे, पाणी जास्त प्या, जेवणात भाजी वाढवा, सकाळच्या मशेरीच्या वेळी हातात ब्रश द्या.

मुलांशी संबंध तीन ठिकाणी येतो. पहिलं, गरोदरपण. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांत, आणि त्यांत बहुतेकींची मशेरीच होती, बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण जास्त होतं. गरोदर मातेच्या नोंदणीच्या वेळी "तंबाखू खाता का" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा" असं विचारा, मग खरं उत्तर मिळतं. दुसरं, डबी. ती न्हाणीच्या कोनाड्यात किंवा खिडकीत असते, रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागेल अशी. मुलाने गिळली तर लाळ सुटणं, उलटी, चेहरा पांढरा पडणं, सुस्ती अशी लक्षणं दिसतात. घरी उलटी काढायला जाऊ नका, तोंड पुसून तडक दवाखान्यात न्या आणि डबी बरोबर घ्या. तिसरं, नक्कल. नात आजीशेजारी बसून बोट फिरवते, सगळे कौतुकाने हसतात, आणि तिथून सवय लागते.

म्हणून ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय घ्याच. आजीला "तू चुकतेस" म्हणून काही होणार नाही. एवढंच मागा: तंबाखू आणायला नातवंडाला पाठवायचं नाही, मुलांसमोर लावायची नाही, डबी वरच्या फळीवर. ज्यांना सोडायची आहे त्यांना १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक द्या, तो पाकिटांवरही असतो. मोठ्या मुलांना सवय लागली असेल तर निकोटिनच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून देऊ नका, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आणखी एक. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत येतो. रिकाम्या शाळेत कार्यक्रम होतो, फोटो निघतो, मुलं मुंबईला किंवा मामाकडे. शाळेचा उपक्रम जूनअखेर किंवा जुलैत ठेवा.

खाडीकाठ_पालक

फार उपयोगी माहिती. टेपचा मुद्दा आम्हाला सुचलाच नसता. दोन शंका राहिल्या. गाळ्यातल्या दुकानाबद्दल सरपंच म्हणतात, "गरिबाच्या पोटावर पाय कशाला?" आणि रस्त्याकडेची टपरी कोणाच्या जागेत आहे हेच कोणाला नक्की माहीत नाही. ठरावाचा मसुदा कोणी देऊ शकेल का?

सातबारा_आठअ

सरपंचांना सांगा की दुकान बंद करायला कोणी सांगत नाही. चहा, वडापाव, वह्या, बिस्किटं, सरबत सगळं राहू दे, तंबाखू तेवढी जाऊ दे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्येच राज्यांना सुचवलं आहे की तंबाखूविक्रीला स्थानिक संस्थेचा परवाना लावावा आणि परवाना असलेल्या दुकानात चॉकलेट, चिप्स, बिस्किटं, शीतपेयं ठेवू नयेत. मूल खाऊला गेलं की तंबाखूसमोर उभं राहतं, ही साखळी त्यातून तुटते.

गाळा ग्रामपंचायतीचा आहे ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू. तिथे दोनशेच्या दंडावर अवलंबून राहायचं कारण नाही. करारनाम्यात अट घाला: "गाळ्यात तंबाखू व तंबाखूजन्य पदार्थांची साठवण, विक्री वा जाहिरात करणार नाही, भंग झाल्यास लेखी नोटिशीनंतर करार रद्द होईल." चालू करार मुदतीआधी एकतर्फी बदलता येत नाही, म्हणून मुदत कधी संपते ते बघा. नूतनीकरणाच्या वेळी अट घाला, तोवर कलम ६(ब) ची नोटीस द्या. पुढच्या लिलावाच्या जाहिरातीतही हीच अट छापा, म्हणजे नवा माणूस "मला माहीत नव्हतं" म्हणणार नाही.

रस्त्याकडेच्या टपरीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ (मिळकतींची नोंद) आणि रस्त्याची नोंद बघा. सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अडथळा, अतिक्रमण काढण्याचा अधिकार आहे. पण तो सगळ्यांना सारखाच लावा. एकाच टपरीवर कुऱ्हाड आणि शेजारची तशीच, असं झालं की विषय मुलांचा राहत नाही, दोन गटांच्या भांडणाचा होतो.

मसुदा असा घ्या, गावाप्रमाणे बदला:

"जि. प. शाळेच्या हद्दीच्या बाहेरील कडेपासून सर्व दिशांना ९१.४४ मीटर (१०० यार्ड) त्रिज्येच्या क्षेत्रात कोटपा २००३ कलम ६(ब) नुसार तंबाखू व तंबाखूजन्य पदार्थांची विक्री होणार नाही. सोबतचा मोजणी नकाशा व पंचनामा या ठरावाचा भाग राहील. अंगणवाडीभोवतीही ग्रामपंचायत हेच अंतर पाळील. गावात कोठेही अठरा वर्षांखालील व्यक्तीस, ती घरच्या मोठ्यांसाठी आली असली तरी, तंबाखू, विडी, सिगारेट वा मशेरीची तंबाखू विकली जाणार नाही. ग्रामपंचायतीचे गाळे, जत्रा व शिमग्यातील तात्पुरत्या दुकानांच्या जागा आणि स्पर्धांसाठी दिलेली मैदाने यांच्या परवानगीत तंबाखूविक्री व जाहिरातीस मनाईची अट राहील. संबंधित विक्रेत्यांना ग्रामपंचायत अधिकारी सात दिवसांत लेखी नोटीस देतील, विक्रेते पंधरा दिवसांत माल हलवतील, त्यानंतर पोलिसांसह संयुक्त तपासणी होईल. अंमलबजावणीचा अहवाल ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक ग्रामसभेत वाचेल."

अंगणवाडी वेगळी लिहिली आहे, कारण नियमातल्या शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत ती येते का यावर वाद घालता येतो. ठरावात आली की निदान गावापुरता प्रश्न मिटतो. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत ही गावाची समजूत आहे, कायद्याची सवलत नाही, हे दुकानदारांना तोंडी नीट सांगा.

गणपूर्ती विसरू नका: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. अर्धी घरं मुंबईत असलेल्या गावात इथेच ठराव अडकतो. वाडीवाडीतून महिलांना आणा.

बंदरवाडी

ठरावात मैदानाची अट आली हे फार बरं झालं. जानेवारी ते मे गावोगाव क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा असतात आणि पान मसाल्याच्या नावाचे बॅनर, टी-शर्ट, चषक येतात. तंबाखूची थेट आणि आडून केलेली दोन्ही जाहिरात कोटपाच्या कलम ५ मध्ये येते. मंडळाला परवानगीपत्र देतानाच प्रायोजकांची यादी मागा, बॅनर लागल्यावर भांडण्यात अर्थ नसतो. दुकानावरही तेच: कंपनीने फुकट दिलेली रंगीत फळी, छत, दिव्याची पाटी आधी उतरवा. विक्रीच्या जागी जास्तीत जास्त ६० बाय ४५ सेंटीमीटरचा फलक चालतो, त्यावरही फक्त कोणत्या प्रकारचा माल मिळतो तेवढं, ब्रँडचं नाव किंवा चित्र नाही, दिवा नाही.

ठराव झाल्यावर इतिवृत्ताच्या सही-शिक्क्याच्या नकला पोलिस ठाणे, गटविकास अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालयातला तंबाखू नियंत्रण कक्ष, अशा पाच ठिकाणी द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या. कक्षाकडे दंडाचं पावतीपुस्तक आणि प्रशिक्षण दोन्ही मागा. तीन महिन्यांत काही हललं नाही तर माहितीचा अधिकार वापरा: "अमुक पोलिस ठाण्याच्या हद्दीत गेल्या दोन वर्षांत कोटपा कलम ६(अ) व ६(ब) खाली केलेल्या कारवायांची महिनावार संख्या." दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्रात विषय आणि शब्द या दोन अटींवरून अर्ज परत येतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. आलेला आकडा शून्य असला तरी तो कामाचा आहे. तोच घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या तंबाखू नियंत्रण समितीत विषय लावायला सांगा, आणि पोलिसांच्या मासिक गुन्हे आढाव्यात कोटपाचा रकाना घ्यायची मागणी करा. रकाना असला की ठाण्याला दर महिन्याला काहीतरी लिहावं लागतं.

आमदारांना निवेदन देणार असाल तर त्यात शेजारचं उदाहरण घाला. कर्नाटकाने २०२५ मध्ये राज्याची दुरुस्ती लागू करून विक्रीचं वय २१ केलं, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड हजारापर्यंत नेला आणि सुट्या सिगारेटीवर कायद्यातच बंदी घातली. महाराष्ट्राकडे मागणी तीन ओळींत मांडा: वय २१, कलम ६ चा दंड दोनशेवरून परवडणार नाही इतका, आणि तंबाखूविक्रीला वेगळा परवाना. सोबत तुमचा मोजणी नकाशा आणि माहिती अधिकारातलं उत्तर जोडा.

खाडीकाठ_पालक

सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी पाऊस उघडला तर हद्दीचे कोपरे ठरवून टेप लावतो, पोलिस पाटलांना आणि तिन्ही दुकानदारांना बोलावणं गेलं आहे. महिला सभेच्या विषयपत्रिकेत मशेरी पहिल्या क्रमांकावर घेतली आहे. गाळ्याच्या कराराची मुदत मार्चअखेर संपते आहे, असं आत्ताच दप्तरात पाहिलं.